उद्याची बंदूक, कालच्या भंगारातली

‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांच्या हातातलं शस्त्र आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्याला अडकवलेली ९ मिमी कार्बाइन आठवा: नळीवर भोकांचं आवरण आणि डाव्या अंगाला आडवं निघालेलं बाकदार मॅगझिन. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली ही कार्बाइन म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनचा भारतीय अवतार. १९७६ साली लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत चित्रीकरण झालं तेव्हा हीच स्टर्लिंग दूरच्या आकाशगंगेत गेली. मॅगझिन तोडून आखूड केलं, दस्ता दुमडूनच ठेवला, वर दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी रणगाड्याची एम३८ दुर्बीण बसवली, काही नगांवर हेंग्स्टलर कंपनीचा यंत्रांच्या फेऱ्या मोजणारा काउंटर चिकटवला आणि नळीच्या भोकांवरून इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या छेदाच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या लावल्या. झाला ब्लास्टर.

भविष्यातलं शस्त्र असं जुन्या शस्त्रातून काढायची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. त्याआधी चाळीस वर्षं ‘किरणबंदूक’ खेळण्यांच्या दुकानातून पडद्यावर येत होती आणि पडद्यावरून पुन्हा दुकानात जात होती. १९३४ साली मिशिगनमधल्या डेझी कंपनीने बक रॉजर्सच्या चित्रकथेवरून एक्सझेड-३१ नावाचं पत्र्याचं रॉकेट पिस्तूल ५० सेंटला विकायला काढलं. नळीभोवती कड्या, मागे फुगीर पोट, टोकाला निमुळती चोच, हे रूप पुढची दोन दशकं डोळ्यांत बसलं. त्या कड्या वातशीत इंजिनाभोवतीच्या पातळ पात्यांची आठवण करून देतात. म्हणजे तेव्हाही रूप उसनंच होतं, फक्त बंदुकीचं नव्हतं.

१९६६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ने दुसरा रस्ता धरला. लेझर जगापुढे आला १९६० मध्ये, म्हणून मालिकेच्या पहिल्या चाचणी भागात पिस्तुलाचं नाव लेझरच होतं. पुढे ते ‘फेझर’ झालं. वा चँग या कारागिराने घडवलेल्या फेझरमध्ये तळहातात मावणारा छोटा भाग पिस्तुलाच्या पाठीवर बसायचा. कल्पना छान होती. एकाच वस्तूचे दोन उपयोग दिसले की ती कोणीतरी विचार करून बनवलेली वाटते. पण चाप ओढल्यावर वस्तू गप्पच राहायची आणि किरण नंतर फिल्मवर उमटायचा. धक्का नाही, आवाज नाही. नटाने करायचं काय, तर हात लांब करून उभं राहायचं.

१९७६ चं पथक वळलं ते इथे. सेट सजवणारा रॉजर ख्रिश्चन लंडनच्या बॅप्टी या जुन्या शस्त्र-पुरवठादाराकडे गेला. चित्रपटांना भाड्याने खऱ्या बंदुका देणं हा बॅप्टीचा धंदा. नव्याने घडवण्यापेक्षा भाडं स्वस्त, हे पहिलं कारण. पण पडद्यावर फळाला आली ती वेगळीच गोष्ट. स्टर्लिंगचं वजन २.७ किलो. ते उचलून पळणाऱ्या माणसाचा खांदा आपोआप झुकतो, वळताना नळी किंचित उशिरा वळते. हे नटाला शिकवावं लागत नाही. आणि चाप ओढला की ब्लँक, म्हणजे गोळी नसलेलं, काडतूस उडतं, हात दचकतो, ज्वाळेचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. किरण रंगवणाऱ्यालाही तो कुठून आणि कोणत्या फ्रेमपासून काढायचा याची खूण मिळते. याची किंमतही पडद्यावर दिसते. बारकाईने पाहिलं तर काही दृश्यांत प्रकाश फेकणाऱ्या बंदुकीतून पितळी पुंगळ्या उडताना दिसतात.

‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलो या नायकाचं पिस्तूल म्हणजे १८९६ च्या आराखड्याचं जर्मन माउझर सी९६. त्यावर हेन्सोल्ट-वेट्झलर दुर्बीण आणि नळीच्या टोकाला विमानावरच्या एमजी८१ मशीनगनचा ज्वालारोधक. माउझरच का, याचं उत्तर त्याच्या बाह्याकृतीत आहे. त्याचं मॅगझिन चापाच्या पुढे असतं, बहुतेक पिस्तुलांसारखं मुठीत नसतं. प्रेक्षकाला ‘ही बंदूक आहे’ हे क्षणात कळतं, पण ‘कोणती’ हे कळत नाही. कल्पित शस्त्राचं सगळं यश त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत असतं. चित्रीकरण संपल्यावर भाग सुटे करून साठ्यात परत गेले. पुढच्या भागासाठी एका जपानी नमुना-पिस्तुलावरून साचे काढावे लागले. मूळ तीनपैकी उरलेलं एक, हरवलेल्या सुट्या भागांच्या जागी दुसरे बसवून, ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत १०,५७,५०० डॉलरला विकलं गेलं.

प्रकाशतलवारीची मूठ तर शस्त्रच नव्हती. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार वापरत तो ग्राफ्लेक्सचा तीन सेलांचा फ्लॅश-दांडा, त्यावर त्याच ‘टी’ पट्ट्या. दांड्याचं लाल बटण, चिमटा हे सगळं खऱ्या कामासाठी बनलेलं होतं. मूळ दांड्याचा कुठलाही भाग नुसता शोभेचा नसल्याने डोळा त्याच्यावर विश्वास ठेवतो. नवशिक्यांचा हात चुकतो तो इथेच. ते सगळीकडे वायरी, दिवे आणि खाचा भरतात. चापाला बोट पोचतं का, गोळी किंवा ऊर्जा भरतात कुठून, तापणारा भाग हातापासून लांब आहे का, खांद्याला कुठे टेकवायची, या चार प्रश्नांची उत्तरं वस्तूकडे पाहूनच मिळाली पाहिजेत. मिळाली नाहीत तर आणखी चाळीस दिवे लावूनही ते खेळणंच राहतं.

१९८२ च्या ‘ब्लेड रनर’मध्ये पद्धत जोडकामावर गेली. चार्टर आर्म्स बुलडॉग हे .४४ चं रिव्हॉल्व्हर आणि स्टायर-मानलिखर रायफलचा बोल्टचा (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याचा) भाग एकत्र केले, अंबररंगी पारदर्शक मूठ आणि बारीक एलईडी दिले. पिस्तुलाला रायफलचा बोल्ट आणि दोन चाप; पटकथेत त्यांचा उलगडा नाही. तरी ते पटतं, कारण दोन्ही भागांची जडणघडण खरी आहे.

या पद्धतीचा कळस १९८६ च्या ‘एलियन्स’मधल्या पल्स रायफलीत दिसतो. बॅप्टीच्या सायमन अ‍ॅथर्टनने थॉम्पसन एम१ए१ सबमशीनगन मध्ये ठेवली, तिच्याखाली आखूड केलेली रेमिंग्टन ८७० शॉटगन टांगली आणि शॉटगनभोवती फ्रँकी स्पास-१२ चं जाळीदार आवरण बसवलं. बाजूला उरलेल्या गोळ्या दाखवणारा दोन आकडी लाल काउंटर. रंग हम्ब्रोलचा ‘ब्राउन बेस’ नावाचा तपकिरी, जो पडद्यावर लष्करी हिरव्याकडे झुकतो. थॉम्पसनच साडेचार किलोच्या पुढे. नटांच्या चेहऱ्यावरचा थकवा सगळाच अभिनयातला नसावा. त्याच चित्रपटातली स्मार्टगन म्हणजे जर्मन एमजी४२, मोटरसायकलचे भाग जोडून कॅमेरा अंगावर तोलून धरणाऱ्या स्टेडीकॅमच्या हातावर बसवलेली. त्यामुळे ती माणसाच्या कमरेपाशी तरंगते आणि चालणाऱ्याची ढब बदलते.

खऱ्या बंदुकीवर असं ओझं चढवलं की तिचं यंत्र बिघडतं, हे मात्र आधीच धरून चालावं लागतं. स्टर्लिंग काय, थॉम्पसन काय, काडतुसाच्या दाबाने बोल्ट मागे जातो. ब्लँकमध्ये गोळीच नसल्याने दाब पुढून निसटतो आणि दुसरं काडतूस आत येत नाही. म्हणून नळीत बारीक छिद्राची डाट बसवतात. छिद्र मोठं ठेवलं तर बंदूक प्रत्येक फेरीला अडकते. लहान ठेवलं तर बोल्ट जोरात आपटून भाग तुटतात. चिकटवलेले सुटे भाग दोन गोष्टींनी गळतात, हादरा आणि उष्णता. सुपरग्लू कडक असतो, धक्क्याने तडकतो. ज्याला स्क्रू मारता येईल त्याला स्क्रूच मारावा आणि पुंगळ्यांच्या खिडकीवर काहीही लावू नये.

कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळा. सेकंदाला २४ फ्रेम असताना, १८० अंशांच्या शटरवर, प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी आणि तेवढाच वेळ बंद. ब्लँकची ज्वाळा काही मिलिसेकंदांची. म्हणजे जवळपास निम्म्या ज्वाळा फिल्मवर येतच नाहीत. मोठ्या ज्वाळेची हाव याचमुळे. आकड्यांच्या पाट्याही दगा देतात. स्वस्त सर्किट दोन्ही अंक आळीपाळीने पेटवतं. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्यात एक अंक गायब होतो किंवा डिजिटल सेन्सरवर आडवे पट्टे फिरतात. दोन्ही अंक सतत पेटते ठेवावेत. एलईडी मंद करायचा असेल तर तो वेगाने चालू-बंद करण्यापेक्षा रोधक (रेझिस्टर) बदलावा.

१९८७ च्या ‘रोबोकॉप’चा धडा मापाचा आहे. आधी डेझर्ट ईगल हे दांडगं पिस्तूल निवडलं होतं. चिलखती पंजात ते किरकोळ दिसलं. म्हणून बेरेटा ९३आरच्या नळीवर लांब खाचदार आवरण चढवून ते वाढवलं. शस्त्र कागदावर नव्हे, ज्याच्या हातात जाणार त्याच्या पोशाखासकट मोजायचं असतं.

मग खऱ्या बंदुकांचा काळ ओसरत गेला. १९८४ मध्ये अभिनेता जॉन-एरिक हेक्समने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नसतानाही तो वाचला नाही. ३१ मार्च १९९३ ला अभिनेता ब्रँडन ली चित्रीकरणात गेला. दारू काढलेल्या, पण प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) तसाच राहिलेल्या काडतुसाने गोळी नळीत अर्ध्यावर ढकलली होती. नळी कोणी तपासली नाही आणि नंतरच्या ब्लँकने ती बाहेर फेकली. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत छायाचित्रकार हॅलिना हचिन्स खऱ्या गोळीने मारली गेली. तेव्हापासून अनेक निर्मात्यांनी चालणाऱ्या बंदुका सेटवर आणणंच बंद केलं. एअरसॉफ्ट या खेळातल्या बंदुकीच्या गॅसने स्लाइड मागे-पुढे होते, नळीतला एलईडी चेहऱ्यावर उजेड टाकतो, ज्वाळा नंतर संगणकावर.

आज एका शस्त्राच्या साधारण तीन जाती करतात: जवळून दाखवायची तपशीलवार ‘हीरो’, दुरून चालणारी रेझिनची आणि पडण्या-झटापटीसाठी रबरी. रबरीच्या नळीत धातूची सळी घालावी लागते, नाहीतर पळताना नळी डुलते. पण सळी टोकाच्या दोन-तीन सेंटीमीटर आधी थांबवायची, नाहीतर रबराचा अर्थच गेला. साच्यासाठी प्लॅटिनम सिलिकॉन वापरताना गंधकयुक्त माती किंवा लॅटेक्स हातमोजे जवळ आले की पृष्ठभाग चिकटच राहतो, कितीही वाट पाहा.

थ्रीडी प्रिंटने आकार सोपा केला, वजन नाही. छापलेलं पिस्तूल दोन-तीनशे ग्रॅमचं, तर माउझर सव्वा किलोच्या आसपास. फरक मनगटात दिसतो, म्हणून मुठीत पोलादी पट्टी घालतात. ०.२ मिमीच्या थरांच्या रेघा फिलर प्रायमर (रेघा बुजवणारा अस्तर-रंग) आणि २२० मग ४०० च्या पॉलिश पेपरने जातात. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तर संध्याकाळी नळी वाकलेली मिळते. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक थोडं जास्त तग धरतं. रंगात खाली अ‍ॅल्युमिनियमचा, वर काळा; घासायचं ते फक्त जिथे हात आणि म्यान लागतं तिथे. सगळीकडे सारखी झीज दाखवली की ती झीज न राहता नक्षी होते.

आणि हे छापणारे आज पुन्हा स्टर्लिंगच मोजतात. भोकं, ‘टी’ पट्ट्या, आखूड मॅगझिन, सगळं दशांश मिलिमीटरपर्यंत. उजव्या अंगाची पुंगळ्यांची खिडकीही छापतात, काहीजण तर आतला बोल्टसुद्धा.