कार्ड विणकाम

कार्ड विणकाम : कोपऱ्यांना भोके असलेली चौकोनी कार्डे फिरवत अरुंद, जाड आणि अतिशय मजबूत पट्टी विणण्याची पद्धत. टॅब्लेट विणकाम हे तिचे दुसरे प्रचलित नाव. कमरपट्टे, नाड्या, पिशव्यांचे बंद, कपड्यांचे काठ असे सगळे या पद्धतीने विणता येते. त्यासाठी माग लागतोच असे नाही. ताण्याचे (म्हणजे लांबीच्या दिशेने ताणलेल्या धाग्यांचे) एक टोक खुंटीला आणि दुसरे विणणाऱ्याच्या कमरेला बांधले तरी काम भागते. साधने इतकी थोडी असूनही नक्षी मात्र गुंतागुंतीची उतरते आणि तिचा तक्ता पाहून नवखा माणूस बिचकतो. पण बहुतेक नक्ष्या दोनच गोष्टींवर ठरतात : धागे कार्डांत कसे ओवले आणि कार्डे कोणत्या दिशेने फिरवली. या दोन गोष्टी वेगवेगळ्या करून समजून घेतल्या की तक्ता वाचता येऊ लागतो.

तत्त्व : प्रत्येक कार्डाला सहसा चार भोके असतात आणि प्रत्येक भोकातून ताण्याचा एक धागा जातो. म्हणजे २० कार्डांच्या पट्टीत ८० धागे असतात. कार्डे पत्त्यांच्या कॅटासारखी एकमेकांना चिकटून, ताण्याच्या दिशेने उभी राहतात. प्रत्येक कार्डाचे दोन धागे वर आणि दोन खाली असतात. मधल्या फटीतून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो. मग सगळी कार्डे पाव वळसा, म्हणजे ९० अंश, फिरवायची. खालचा एक धागा वर येतो, वरचा एक खाली जातो, आणि नवी फट तयार होते. असा एक पाव वळसा आणि त्यानंतर घातलेला बाणा म्हणजे एक फेर.

साध्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना खालीवर ओलांडतात. इथे मात्र प्रत्येक कार्डाचे चार धागे एकमेकांभोवती पीळ घेतात आणि त्यांची एक दोरी होते. अशा शेजारशेजारच्या दोऱ्यांना बाणा आडवा बांधून ठेवतो. पट्टीची ताकद या पिळातच असते. बाणा आत दडलेला राहतो आणि फक्त दोन्ही कडांना दिसतो. म्हणून तो काठाच्या कार्डांतील धाग्याच्याच रंगाचा घेतात.

कार्डे एकाच दिशेने फिरवत राहिले तर पट्टीत जितका पीळ पडतो, तितकाच उलटा पीळ कार्डांच्या पलीकडे साठतो. शेवटी कार्डे फिरेनाशी होतात. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे ठरावीक फेरांनंतर दिशा बदलणे. चार फेर पुढे आणि चार मागे हा क्रम त्यामुळेच इतका रूढ आहे. चार फेरांनी कार्ड मूळ जागी येते आणि उलट्या चार फेरांनी साठलेला पीळ सुटतो. दिशा बदलायची नसेल, तर ताण्याचे पलीकडचे टोक सोडून पीळ हातांनी उतरवावा लागतो.

इतिहास : जर्मनीतील होखडोर्फ येथील केल्टिक सरदाराच्या थडग्यात, इ. स. पू. ५३० च्या सुमाराच्या, नक्षीदार कार्डपट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. त्या पाहिल्या की ही कला त्या काळी प्राथमिक अवस्थेत नव्हती हे उघड दिसते. नॉर्वेतील ओसेबर्ग येथे १९०४ साली उत्खननात निघालेल्या दफननौकेचा काळ इ. स. ८३४ असा ठरला आहे. तीत धागे ओवलेली ५२ कार्डे आणि अर्धवट विणलेली पट्टी मिळाली. विणण्याच्या ऐन मध्यावर थांबलेले काम हाती लागणे फार दुर्मीळ. अभ्यासकांना त्यातून कार्डे, ओवणी आणि वीण तिन्ही एकत्र पाहायला मिळाली.

वजनांनी ताणलेल्या जुन्या उभ्या मागावर या पट्टीला आणखी एक काम होते. पट्टी विणताना बाणा एका बाजूने लांब ओढून ठेवत आणि पुढे तेच लांब धागे मोठ्या कापडाचा ताणा होत. कापडाची सुरुवात अशी कार्डपट्टीपासून होई. म्यानमारमध्ये ताडपत्रांच्या पोथ्या बांधण्यासाठी साझिग्यो नावाच्या लांबलचक फिती विणल्या जात. दात्याचे नाव आणि त्याचे पुण्य सांगणारा मजकूर त्यांत अक्षरांनिशी विणलेला असतो. युरोपात या कलेकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वळवण्याचे श्रेय मार्गारेटे लेमान-फिल्हेस यांच्या १९०१ मधील जर्मन पुस्तकाला मोठ्या प्रमाणात जाते.

पूर्वी कार्डे हाड, शिंग, लाकूड आणि चामड्याची असत. आज जाड पुठ्ठ्याची पुरतात. तीन किंवा सहा भोकांची कार्डेही असतात, पण सुरुवातीला त्यांची गरज नाही.

तक्ता वाचणे : तक्त्यातील प्रत्येक उभा स्तंभ म्हणजे एक कार्ड. त्यातल्या चार चौकटी म्हणजे ए, बी, सी, डी ही चार भोके, आणि चौकटीचा रंग म्हणजे त्या भोकातील धाग्याचा रंग. स्तंभाखाली एक तिरकी रेघ असते. ती ओवणीची दिशा सांगते, म्हणजे धागा कार्डाच्या डाव्या बाजूने आत गेला की उजव्या. याच दिशांना एस आणि झेड अशीही नावे आहेत, पण ती सर्वत्र एकाच अर्थाने वापरली जात नाहीत : कोणी धाग्याचा कल पाहून अक्षर देतो, कोणी पट्टीतील पिळाचा. म्हणून नव्या तक्त्यात अक्षरांपेक्षा त्याच्यासोबतची खूणसूची आधी वाचावी. ती नसेल तर सगळी कार्डे पुढे फिरवत दोन-तीन सेंटिमीटर विणून पाहावे. टाके (पट्टीवर दिसणारे धाग्यांचे लहान तुकडे) अपेक्षेच्या उलट कलले, तर कार्ड उभ्या अक्षाभोवती पालटले की ओवणीची दिशा बदलते. धागे काढावे लागत नाहीत.

ओवणीच्या दिशेला इतके महत्त्व देण्याचे कारण पट्टीवरच दिसते. प्रत्येक टाका किंचित तिरका असतो. नक्षीतील तिरपी रेघ आणि टाक्याचा कल एकाच बाजूला असला तर रेघ सलग, धारदार दिसते. कल विरुद्ध असला तर तीच रेघ करवतीच्या दात्यांसारखी तुटक होते. रंग बरोबर असूनही नक्षीतला पत्त्यांतील चौकटसारखा आकार किंवा बाणाचे टोक ओबडधोबड उतरले, तर दोष बहुधा इथे असतो. फिरवण्याची दिशा उलटली की रंगांचा क्रम उलटतो आणि टाक्यांचा कलही उलटतो. म्हणून सलग रेघ आरशातल्यासारखी वळूनही सलगच राहते. बाणाच्या टोकाचा चौकट-आकार होण्याची सारी किमया एवढीच आहे. सर्व कार्डे एकाच दिशेने ओवली आणि एकाच दिशेने फिरवली, तर संपूर्ण पट्टीलाच पीळ पडून ती गुंडाळू लागते. दोन्ही दिशांची कार्डे मिसळली की ती सपाट राहते.

फिरवण्याचा तक्ता वेगळा असतो. त्यात प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेर, आणि तो बहुधा खालून वर वाचायचा असतो. कार्डाची वरची कड विणणाऱ्यापासून दूर जाते ती पुढची दिशा, जवळ येते ती मागची. अनेक तक्त्यांत पुढच्या फेराची चौकट पांढरी आणि मागच्या फेराची करडी दाखवतात. दिशा बदलते तिथे वीण जरा वेगळी दिसते : एरवी दोन बाण्यांवरून जाणारा धागा तिथे तीन बाण्यांवरून जातो. ही चूक नसते.

सुरुवात : नवख्याने ओवणीतच नक्षी असलेला तक्ता निवडावा, म्हणजे ज्यात सगळी कार्डे एकत्र फिरतात असा. बारा ते सोळा कार्डे आणि ठळक भेद असलेले दोन-तीन रंग पुरेत. धागा गुळगुळीत, घट्ट पिळाचा सुती असावा. केसाळ लोकर शेजारच्या धाग्यांना चिकटते, फट स्वच्छ उघडत नाही आणि शिकणाऱ्याला दोष आपल्या हाताचा वाटतो. ताण्याची लांबी हव्या असलेल्या पट्टीपेक्षा निदान अर्धा-पाऊण मीटर जास्त धरावी. शेवटचा भाग विणता येत नाही आणि पिळामुळे पट्टी थोडी आखूडही होते.

कार्डांना क्रमांक द्यावेत आणि सर्वांची एकच कड रंगवावी. फिरवल्यावर रंगाची रेषा एकसारखी दिसली नाही, तर एखादे कार्ड मागे राहिले किंवा जास्त फिरले हे बाणा घालण्याआधीच कळते. काम सोडून उठताना गठ्ठ्याला दोरी बांधणे ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण निसटलेली कार्डे पुन्हा क्रमाने लावणे अतिशय वेळखाऊ असते. फट उघडल्यावर धोट्याच्या (बाणा गुंडाळलेल्या पट्टीच्या) कडेने आधीचा बाणा ठोकावा आणि मगच नवा घालावा. बाणा दर फेराला सारखाच ओढला तर रुंदी एकसारखी राहते. पहिल्या काही सेंटिमीटरांत ती कमीजास्त होणारच, आणि त्यासाठी उसवत बसण्याचे कारण नाही.

चार-चार फेरांची लय बसली की तक्ता बाजूला ठेवून विणलेली पट्टी वाचायला शिकावे : शेवटचा टाका कोणत्या रंगाचा, कोणत्या बाजूला कललेला, आणि पुढच्या फेरात कोणता रंग वर येणार. मध्येच मोजणी चुकली तरी मग पट्टीच सांगते आपण कुठे आहोत. माझ्या मते शिकण्याचा सर्वांत मोठा टप्पा हाच आहे. फक्त तक्त्यावर टिकमार्क करत गेलेल्याला चूक उशिरा दिसते. उसवताना फेर उलट्या क्रमाने करायचे : आधी बाणा काढायचा, मग कार्डे फिरवली होती त्याच्या उलट दिशेने फिरवायची.

पुढील प्रकार : दुहेरी पृष्ठाच्या विणीत प्रत्येक कार्डात शेजारशेजारची दोन भोके गडद आणि दोन फिकी असतात. दोन फेर पुढे, दोन मागे फिरवत राहिले की एक बाजू पूर्ण गडद आणि दुसरी फिकी राहते. रंग बदलायचा असेल त्या कार्डांना त्याच दिशेने आणखी दोन फेर द्यायचे. साझिग्योवरील अक्षरे याच विणीतील आहेत. इथे प्रत्येक कार्डाचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागतो, म्हणून हा प्रकार सुरुवातीला घेऊ नये. ट्विल नावाच्या, तिरप्या रेघांच्या विणीत हा हिशेब आणखी बारीक होतो.

जरीच्या जादा बाण्याने केलेली नक्षी मात्र दिसते तितकी अवघड नाही. स्वीडनमधील बिर्का येथील व्हायकिंगकालीन थडग्यांत सोन्याचांदीच्या तारांच्या अशा पट्ट्या निघाल्या आहेत. त्यांत नक्षी फिरवण्यावर अवलंबून नसते. कार्डे साधीच फिरतात आणि दुसरा, शोभेचा बाणा ठरावीक धाग्यांखाली दाबला जातो. ताण सारखा ठेवता येऊ लागला की नवख्यालाही ही वीण जमते, फक्त प्रत्येक फेराला वेळ जास्त लागतो.