सामना सुरू असताना डाव कधी बदलायचा?

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीच्या फुटबॉल संघाने लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडला ६-३ असे लोळवले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या मधोमध खेळणारा, नांदोर हिदेगकुटी आपल्या नेहमीच्या जागी थांबतच नव्हता, मधल्या फळीत मागे सरकत होता. त्याला रोखायची जबाबदारी असलेल्या हॅरी जॉन्स्टनची पंचाईत झाली. पाठोपाठ जावे तर बचावात खिंडार पडते, जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा सुटतो. पहिल्याच मिनिटाला त्याने गोल केला आणि नंतर हॅटट्रिकही पुरी केली. मध्यंतराला ४-२ अशी अवस्था असूनही इंग्लंडला यावर उत्तर सापडले नाही.

दोष एकट्या प्रशिक्षकाला देता येत नाही. वॉल्टर विंटरबॉटम यांचा संघ निवड समिती ठरवायची. डावपेच बदलायला नवा खेळाडू उतरवण्याची पद्धत नव्हती आणि मैदानाच्या कडेच्या रेषेवरून (टचलाइन) सूचना देणे नियमाला मान्य नव्हते. हाती होते ते फक्त मध्यंतर. त्या दिवशी इंग्लंडकडून पेनल्टीवर गोल करणारा उजवा बचावपटू होता आल्फ रॅम्सी. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

इंग्लिश लीगने १९६५-६६च्या हंगामात प्रत्येक संघाला एक बदली खेळाडू दिला, तोही कुणी जखमी झाला तरच. चार्ल्टन क्लबचा कीथ पीकॉक हा असा उतरलेला पहिला खेळाडू. दुखापतीची अट काही काळातच गेली आणि मग खरी गंमत सुरू झाली. कुणाला बाहेर काढायचे आणि केव्हा, याचा जाब आता प्रशिक्षकाला विचारता येऊ लागला. विश्वचषकात ही सोय १९७०मध्ये, मेक्सिकोत आली, प्रत्येक संघाला दोन बदल.

त्याच स्पर्धेत, १४ जूनला लिऑन इथल्या उपांत्यपूर्व सामन्यात, आता प्रशिक्षक झालेल्या रॅम्सी यांचा इंग्लंड पश्चिम जर्मनीविरुद्ध २-० असा पुढे होता. जर्मनीचे प्रशिक्षक हेल्मुट श्योन यांनी तासाभराच्या आतच ताज्या दमाचा युर्गेन ग्राबोव्स्की बगलेवर उतरवला. दुपारच्या उन्हात दमलेल्या इंग्लिश बचावाला त्याने पळवून पळवून बेजार केले. बेकेनबाउअरने एक गोल फेडला. त्यानंतर रॅम्सींनी बॉबी चार्ल्टनला बाहेर बोलावले, पुढच्या सामन्यासाठी ताजा राहावा म्हणून. मग मार्टिन पीटर्सही बाहेर आला. उवे झेलरने बरोबरी साधली, जादा वेळेत गेर्ड म्युलरने विजयी गोल मारला आणि तो पुढचा सामना इंग्लंडच्या वाट्याला आलाच नाही.

खापर फुटले चार्ल्टनला काढण्यावर. मला हा निवाडा अर्धवट वाटतो. चार्ल्टन मैदानावर असतानाच जर्मनीचा पहिला गोल झाला होता. श्योन यांनी समोरच्या संघापुढे नवा प्रश्न टाकला, तर रॅम्सींनी स्वतःच्या खेळाडूंचा थकवा सांभाळला. मूळ फरक हा होता. पण लोकांच्या लक्षात राहिली ती वेगळीच गोष्ट: आघाडीवर असताना हात लावू नये. सत्तर मिनिटे थांबून बघण्याची प्रशिक्षकांची सवय या धास्तीतून आलेली असावी, असे मला राहून राहून वाटते.

पुढे नियम सैल होत गेले. १९९३मध्ये प्रशिक्षकासाठी मैदानाकडेला तांत्रिक क्षेत्र आखले गेले, उभे राहून सूचना देणे राजमान्य झाले. १९९५पासून तीन बदल मिळाले. २००५मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूल मध्यंतराला मिलानविरुद्ध ०-३ असे मागे होते. लिव्हरपूलचे प्रशिक्षक राफाएल बेनितेझ यांनी दीतमार हामान या बचावात्मक मधल्या फळीवाल्याला आणले आणि मागे तिघे ठेवले. तीन गोल हवे असताना बचावात्मक खेळाडू! पण मिलानच्या काका या खेळाडूला मिळणारी मोकळी जागा हामानने बंद केली आणि लिव्हरपूलचा जेरार्ड पुढे सुटला. ५४ ते ६० या सहा मिनिटांत तीन गोल झाले. शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये लिव्हरपूल जिंकले.

करोनाच्या काळात, २०२०मध्ये, पाच बदल तात्पुरते म्हणून आले आणि २०२२मध्ये कायम झाले. त्याच वर्षी कतारमधल्या विश्वचषकात जपानचे प्रशिक्षक हाजिमे मोरियासू यांनी जर्मनीविरुद्ध ०-१ असे मागे असताना मध्यंतरालाच तोमियासूला आणून मागची फळी पाच जणांची केली आणि मग एकामागून एक आक्रमक सोडले. जपानच्या विजयाचे दोन्ही गोल, दोआन आणि आसानो या बदली खेळाडूंचे. अंतिम सामन्यात तर फ्रान्सचे प्रशिक्षक दिदिए देशां मध्यंतरापर्यंतही थांबले नाहीत. ०-२ असे मागे असताना ४१व्या मिनिटालाच त्यांनी जिरू आणि देम्बेलेला बाहेर काढले. फ्रान्स हरला खरा, पण ३-३ बरोबरीनंतर, पेनल्टींवर.

आकडेवाल्यांनीही यात हात घातला. अमेरिकेतील ब्रेट मायर्स यांनी २०१२मध्ये सूत्र मांडले: मागे असाल तर पहिला बदल ५८व्या, दुसरा ७३व्या आणि तिसरा ७९व्या मिनिटाच्या आत करा. नंतरच्या संशोधकांनी या ठरावीक मिनिटांवर शंका घेतली. ते बरेच झाले, कारण लिऑनला रॅम्सींचे चुकले ते घड्याळ नव्हे.

बदल करायला खेळाडूच बदलावा लागतो असेही नाही. २०१४मध्ये ब्राझीलच्या फोर्तालेझात मेक्सिकोविरुद्ध मागे पडलेल्या नेदरलँड्सला पाणी पिण्याचा थांबा मिळाला. त्या वेळात लुई व्हान गाल यांनी पुढची मांडणी समजावली आणि शेवटच्या मिनिटांतल्या दोन गोलांनी सामना फिरला. थांब्याचा तसा वापर केल्याचे त्यांनी उघडपणे सांगितले. २०२६च्या विश्वचषकासाठी फिफाने प्रत्येक सामन्यात, प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांचा असा थांबा जाहीर केला, हवा गार असली तरी.