डाऊन सिंड्रोम आणि हालचालींवर चालणारे शिक्षण-तंत्रज्ञान

शिकणाऱ्याच्या हाताची, पायाची किंवा सगळ्या अंगाची हालचाल कॅमेऱ्याने वा संवेदकाने टिपायची, ती पडद्यावरच्या चित्राशी आणि आवाजाशी जोडायची आणि तिच्या आधाराने डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना व प्रौढांना शिकवायचे, अशी ही पद्धत. माउस, कळफलक किंवा पेन्सिल हातात घ्यावी लागत नाही. उत्तर अंगानेच द्यायचे असते. व्यायामाचे खेळ म्हणून ही साधने घराघरांत पोहोचली, त्यामुळे वजन, तोल आणि स्नायू यांच्यापुरताच त्यांचा विचार होतो. पण जे कळलेले आहे आणि बोलून सांगता येत नाही ते दाखवण्याची वाट त्यांनी मोकळी होते, आणि शिक्षणाच्या दृष्टीने मोल त्याचेच जास्त आहे.

डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टराने या लक्षणसमूहाचे वर्णन १८६६ मध्ये केले; जादा गुणसूत्राचा उलगडा १९५९ मध्ये फ्रान्समध्ये झाला. तिसऱ्या महिन्याची एकवीस तारीख, म्हणजे २१ मार्च, हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिवस याच हिशेबाने ठरला असून २०१२ पासून संयुक्त राष्ट्रे तो पाळतात. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यानुसार या व्यक्ती सामान्यतः बौद्धिक दिव्यांगत्वाच्या गटात येतात.

या मुलांचे समजणे बोलण्याच्या बरेच पुढे असते. ऐकलेले शब्द थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणे त्यांना जड जाते, पाहिलेले तुलनेने चांगले टिकते. कानात पाणी साचून ऐकू कमी येणे नेहमीचेच. खुणा आणि हावभाव मात्र ती लवकर उचलतात. स्नायू सैल, सांधे लवचीक आणि बोटे आखूड असल्याने पेन्सिलीवरची पकड लवकर थकते. म्हणजे तोंडी विचारायचे, तोंडी किंवा लिहून उत्तर मागायचे आणि दोन सेकंदांत पुढच्या मुलाकडे वळायचे, ही वर्गातली रीत त्यांच्या नेमक्या दुबळ्या बाजूवर बोट ठेवते. ‘याला काही येत नाही’ हा शेरा पुष्कळदा तिथूनच जन्मतो.

मराठी अंकांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ‘चोवीस’ म्हणताना चार आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी येतात. ‘एकोणतीस’ ऐकताना तीस कानावर पडतात आणि पाटीवर २९ उमटतात. शंभरापर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या वेगळा शब्द म्हणून पाठ करावी लागते, आणि पाठांतर हा तर या मुलांचा कच्चा दुवा. जमिनीवर रंगीत पट्टीने १ ते १० ची रेषा आखून समोर कॅमेरा ठेवला, तर मूल पाचावर उभे राहताच पडद्यावर पाच नारळ दिसतात. एक पाऊल पुढे टाकले की सहावा येतो. ‘एक जास्त’ म्हणजे काय हे पायाला कळते. आकड्याला नावाआधी जागा मिळते. वर-खाली, आधी-नंतर, जवळ-दूर हे शब्द तर मुळातच अंगाने शिकायचे. भाषेचा आणखी एक पदर गोव्यात असतो. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि इस्पितळात इंग्रजी, असे कित्येक मुलांचे चालते. ‘एकच भाषा ठेवा’ असा सल्ला पालकांना मिळतो. दुसऱ्या भाषेमुळे ही मुले आणखी मागे पडतात असे अभ्यासांत मात्र आढळलेले नाही. संख्यारेषेवरचे पाऊल कुठल्याच भाषेत टाकावे लागत नाही, एवढी सोय इथे आहे.

साधनांचा इतिहास छोटा आहे. निन्टेन्डोचा वी हा खेळसंच २००६ मध्ये आला. हातातल्या रिमोटमधला त्वरणमापक त्याची हालचाल ओळखत असे. तैवानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या एका गटाला वीवरचे खेळ आणि दुसऱ्याला नेहमीची व्यवसायोपचार पद्धत (रोजची कामे जमावीत म्हणून दिला जाणारा उपचार) दिली गेली, आणि शारीरिक कौशल्यांत वीच्या गटाची प्रगती अधिक दिसली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला आणि हातातला रिमोटही सुटला. तो खोलीत अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, ठिपक्यांची जाळी फेकायचा, ती कुठे किती सरकली यावरून प्रत्येक बिंदूचे अंतर काढायचा आणि माणसाच्या अंगावरची २० ठिकाणे ओळखायचा. समोर पाचसहा फूट मोकळी जागा लागायची. ऊन मात्र त्याला सोसत नसे. सूर्यप्रकाशातल्या अवरक्त किरणांत ते ठिपके बुडून जात. गोव्याच्या घरातली सर्वांत ऐसपैस आणि मुलाच्या आवडीची जागा म्हणजे बाल्कांव, दारापुढची बसायची उघडी ओसरी, पण दिवसा तिथे हे यंत्र निकामी. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले. आता साध्या लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारी मुक्त सॉफ्टवेअरे शरीरावरचे ३३ आणि हाताच्या पंजावरचे २१ बिंदू ओळखतात. वेगळे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, आणि विशेष शाळांसाठी ही बाब छोटी नाही.

अडचण यंत्रापेक्षा खेळाच्या आखणीत येते. बाजारातले खेळ चपळ मुलासाठी बेतलेले असतात: चेंडू अर्ध्या सेकंदात गेला, हात पोहोचला नाही, लगेच हरल्याचा सूर वाजतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाला प्रश्न कळायला, हालचाल ठरवायला आणि हात उचलायला वेळ लागतो. हातही तुलनेने आखूड, त्यामुळे पडद्याचा वरचा कोपरा आवाक्याबाहेर राहतो. म्हणून पल्ला त्याच्या हातावरून मोजायचा, घड्याळ काढून टाकायचे आणि चित्रावर हात दीड-दोन सेकंद स्थिर राहिला तरच निवड धरायची. स्थिर धरणेही जड जात असेल तर तो अवधी कमी करायचा. पण फार कमी केला तर हात नुसता जाता जाता चित्राला लागतो आणि तेच उत्तर नोंदले जाते. दोनच चित्रे ठेवली तर निम्मी उत्तरे नशिबाने बरोबर येतात, हे गुणपत्रक भरताना विसरू नये. अवघड प्रश्न आला की गोड हसून, टाळी देऊन विषय बदलणे ही या मुलांची जुनी युक्ती आहे, आणि भले भले शिक्षक तिला बळी पडतात. यंत्र बळी पडत नाही. पण मग मूल खेळ सोडून निघून जाते, म्हणून शेजारी माणूस लागतोच.

काही पथ्ये वैद्यकीय आहेत. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, आणि काहींच्या मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. उड्या, कोलांट्या, मानेला झटका बसेल असे खेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. हवेत अक्षर गिरवण्याचे खेळ पाहायला छान वाटतात, पण हवेत हाताला घर्षण जाणवत नाही. सैल स्नायूंच्या हाताला ‘ग’चा काना कुठे थांबला हे कळत नाही. त्यासाठी रेतीचा थाळा अजूनही सरस.

गोव्यात विशेष शिक्षणाची परंपरा आहे: पर्वरीचे संजय सेंटर, फोंड्याजवळ ढवळीचे लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीची केशव सेवा साधना. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला. सरकारच्या केअर्स योजनेतून शाळांमध्ये कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. मुलांसाठीच्या ज्या स्क्रॅच या संगणकभाषेत मुले पडद्यावरचे मांजर नाचवतात, तिच्यातच कॅमेऱ्यासमोरची हालचाल ओळखणारी जोडसुविधा आहे; सातवीतले मूल विशेष शाळेतल्या मुलासाठी साधा खेळ बनवू शकेल. विषय शोधायला लांब जायला नको. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर फळाफुलांनी सजवून टांगलेली चौकट, घ्या: हात वर करून नारळ, सुपारीचा घोस, तवसे, केळी एकेक करून टांगायचे, मोजायचे, नाव घ्यायचे. फुगडीत आणि धालो या गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्यात तर गाणे, पाऊल आणि आळीपाळी एकत्रच बांधलेली असतात, आणि जोडीदार हात धरून वेग सांभाळून घेते.

कॅमेरा आला की संमती आली. चित्रण साठवले जात असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार बालकाच्या पालकांची आणि कायदेशीर पालक नेमलेल्या दिव्यांग प्रौढाच्या बाबतीत त्या पालकाची संमती लागते. चित्रण न साठवता केवळ बिंदू वाचणारी सॉफ्टवेअरे त्यामुळे बरी.

आजवरचे बहुतेक अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत. तोल आणि ताकद सुधारल्याचे पुरावे त्यांत अधिक, वाचन-गणिताचे कमी. पडद्यावर आलेले कौशल्य आपोआप घरात उतरत नाही. पाच नारळ टांगणाऱ्या मुलाला त्याच आठवड्यात आजीने परसातून पाच नारळ आणायला पाठवावे, आणि ते चारच घेऊन आले तर पुन्हा पाठवावे.