नॉन-लीग मॅचचा शनिवार (इंग्लंड)

नॉन-लीग मॅच म्हणजे इंग्लंडमधल्या वरच्या चार डिव्हिजनच्या बाहेर जे क्लब आहेत त्यांची मॅच, आणि शनिवारी दुपारी ती बघायला जाणं हा तिकडच्या लोकांचा फार जुना उद्योग आहे. नाव जरा फसवं आहे, कारण हे क्लबसुद्धा लीगमध्येच खेळतात, रीतसर पॉइंट टेबल असतं, वर चढणं-खाली घसरणं सगळं असतं. भानगड अशी की 1888 ला 'फुटबॉल लीग' सुरू झाली आणि तेव्हापासून लीग म्हटलं की तीच, बाकीचे सगळे बिनलीगचे. आज प्रीमियर लीगचे 20 आणि त्याखालच्या तीन डिव्हिजनचे 24-24 असे 92 क्लब वर बसलेत, पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचेच नॉर्थ आणि साउथ, मग नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन वगैरे लीग, आणि त्याच्याही खाली भागाभागातल्या लीग, असं करत करत पार पब्लिक पार्कातल्या मैदानापर्यंत.

1987 पर्यंत तर खालून वर जायला नुसतं जिंकून भागायचं नाही, वरच्या क्लबांनी मतदान करून आत घ्यावं लागायचं. आता मतदार कोण तर आत बसलेलेच, म्हणजे सोसायटीच्या कमिटीची निवडणूक जशी होते तसंच, शेवटून पहिला आला तरी आपलाच माणूस परत. ते बंद झाल्यावर स्कारबरो हा थेट वर गेलेला पहिला क्लब आणि लिंकन सिटी थेट खाली पडलेला पहिला. ह्याच लिंकनने पुढे 2017 ला नॉन-लीगमध्ये असताना एफए कपची, म्हणजे लहानमोठे सगळे क्लब एकत्र खेळतात त्या नॉकआउट स्पर्धेची, क्वार्टर फायनल गाठली, ते 1914 नंतर कुणालाच जमलं नव्हतं.

हे सगळं बघायला शेफील्डसारखी दुसरी जागा नाही असं माझं मत. जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब इथला, शेफील्ड एफसी, 1857 चा, आणि गंमत म्हणजे त्याचं मैदान शेफील्डमध्ये नाहीच, शेजारच्या ड्रॉनफिल्डला एका पबला चिकटून आहे. त्यांचा जुना भिडू हॅलम एफसी, 1860 चा, त्याचं सँडीगेट हे मैदान जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉलचं मैदान म्हणून गिनेस बुकात आहे, दोन क्लबांमधली पहिली मॅच इथेच 26 डिसेंबर 1860 ला झाली. पण तिथे गेल्यावर इतिहासाच्या आधी डोळ्यात भरतो तो उतार! मैदान चक्क कलतं आहे, एका हाफमध्ये चढावर खेळायचं नि दुसऱ्यात उतारावर, त्यामुळे टॉस जिंकलेला कॅप्टन काय मागतो ह्यावरच रेलिंगपाशी अर्धा तास चर्चा रंगते.

मॅच तीन वाजताच का, तर त्याचं उत्तर गिरणीत आहे. 1850 च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांमधल्या बायका-पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला लावलं, हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी सगळीकडे रुळली आणि भोंगा झाला की माणसं मैदानाकडे वळायला लागली, आपल्या गिरणगावातल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. ती वेळ अजून जपलेली आहे, इतकी की शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच ब्रिटनमध्ये टीव्हीवर लाइव्ह फुटबॉल दाखवायला बंदी असते, उद्देश हा की मोठ्यांच्या मॅचेसनी छोट्यांची गर्दी खाऊ नये.

आत जाताना एक गंजका टर्नस्टाइल, म्हणजे एकेकाला आत सोडणारं फिरतं फाटक, पलीकडे पैशाचा डबा घेऊन बसलेले आजोबा. आठव्या-नवव्या पायरीवर तिकीट दहा पौंडांच्या आसपास पडतं. पुढे एक काकू गोल्डन गोलचं तिकीट विकत असतात, घडी घालून चिकटवलेला इवलासा कागद, फाडून उघडला की आत एक वेळ छापलेली, मॅचचा पहिला गोल बरोब्बर त्या वेळी झाला तर बक्षीस तुमचं. तुमच्या कागदावर 89 वा मिनिट निघाला की मग तुम्ही दोन्ही गोलकीपरना मनापासून शुभेच्छा द्यायला लागता. ही तिकिटं, हाफटाइमचा लकी ड्रॉ, क्लबहाउसचा बार, ह्या चिल्लरवरच क्लबचा बराच खर्च निघतो, म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

आणि बिअर. 1985 च्या कायद्याने वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा ठिकाणी बसून दारू पिता येत नाही, त्याखाली ती भानगड नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या ग्लासात पिंट घेऊन साइडलाइनच्या रेलिंगला टेकायचं. बऱ्याच ठिकाणी कुत्रं आणलेलं चालतं. न पिणाऱ्यांसाठी चहा, नाहीतर बोव्हरिल, म्हणजे गोमांसाचा अर्क गरम पाण्यात ढवळलेला, खारट, काळपट. चालत असेल तर एकदा घेऊन बघा, मला तरी तो पिण्यापेक्षा हात शेकायलाच जास्त आवडतो.

खरी मजा रेलिंगपाशी. टच लाइन हातभर अंतरावर असते, त्यामुळे टीव्हीवर जे कधीच कळत नाही ते ऐकू येतं, गोलकीपर नव्वद मिनिटं स्वतःच्याच डिफेन्सला शिव्या घालतो ते, टॅकलमध्ये शिनपॅडवर बूट आदळल्याचा टक आवाज, आणि कोचने 'डोकं वर!' म्हणून ओरडल्यावर कडेने धावणाऱ्या विंगरने पुटपुटलेलं उत्तर. तुमचंही त्यांना ऐकू जातं, हे विसरायचं नाही. लाइनमनला तर सुटका नाही, मागे उभा असलेला एकच म्हातारा त्याच्या चष्म्याबद्दल हाफटाइमपर्यंत बोलत राहतो आणि तोही एखाद्या वेळी मागे वळून हसतो. बॉल कुंपणाबाहेर झुडपात गेला की तो आणायला प्रेक्षकच पळतात.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींची मॅच बघितलेल्या माणसाला इथे आधी चुकल्यासारखं होईल, तिथे हजारोंचा कल्ला आणि पोलीस बंदोबस्त, इथे दोनतीनशे माणसं आणि दोन्हीकडचे सपोर्टर एकाच रांगेत चहा घेतायत. हाफटाइमला तर सगळा घोळका उठून दुसऱ्या टोकाला चालत जातो, कारण आपली टीम आता त्या गोलवर अटॅक करणार. वाटेत समोरून येणाऱ्या पाहुण्या सपोर्टरना टोमणे मारायचे, ते परत मारतात. पण गावातला एक क्लब म्हणजे आपलं घरचं कार्य, ही भावना मात्र दोन्हीकडे सेम.

खेळाडू बहुतेक आठवडाभर नोकरी करणारे, कुणी इलेक्ट्रिशियन, कुणी शाळेत मास्तर. जेमी व्हार्डी इथूनच गेला, शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्सकडे खेळायचा आणि दिवसा मेडिकल स्प्लिंट, म्हणजे दुखऱ्या हातापायाला लावायचे आधार, बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा, 2016 ला तो लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकला. त्याला त्या दिवसांत रेलिंगला टेकून शिव्या घातलेले लोक नक्की असणार, आता कोण कबूल करतंय!

उलटं, मोठा क्लब कधीतरी एफए कपमध्ये दारात येतो. जानेवारी 2021 ला आठव्या पायरीवरच्या मरीन क्लबकडे प्रीमियर लीगचा टॉटनहॅम आला, कोरोनामुळे मैदान रिकामं, शेजारचे लोक आपापल्या परसातून कुंपणावरून बघत होते. मरीन 0-5 हरले, पण नुसतं पाठिंबा म्हणून 30 हजारांहून जास्त 'व्हर्च्युअल' तिकिटं खपली.

जायच्या आधी एक करायचं, सकाळी क्लबचं एक्स (पूर्वीचं ट्विटर) बघायचं. हिवाळ्यात रेफरी येऊन मैदानात टाच रुतवून बघतो, पाणी वर आलं की मॅच रद्द, आणि मग ती येते मंगळवारी रात्री, तेव्हा गर्दी अर्धी आणि थंडी दुप्पट. शनिवारची मॅच मात्र पाचच्या आत उरकते, खेळाडू आंघोळ करून क्लबहाउसमध्ये येतात, मघाशी ज्याला ओव्हररेटेड म्हणालात तो सेंटर-बॅक (डिफेन्समधला मधला खेळाडू) तुमच्याच शेजारी चिप्स खात उभा असतो, आणि बाहेर कुणीतरी लगोलग फ्लडलाइट बंद करतं, बिल क्लबलाच भरायचं असतं ना.