न आवडलेले गाणे आणि न आवडलेले ध्वनिमुद्रण

स्वतः शब्द लिहून, स्वतः चाल बांधून ते स्वतःच गाणाऱ्या कलाकाराचा नवा अल्बम आला की श्रोत्यांची मते लगेच विभागली जातात. कोणाला शब्द पूर्वीपेक्षा पोकळ वाटतात, कोणाला आवाज वाद्यांखाली दबलेला वाटतो, तर कोणाला सगळेच फार गुळगुळीत झाल्यासारखे वाटते. ही सर्व मते एकाच अल्बमविषयी असली तरी त्यांचा विषय एक नसतो. काही मते गाण्याविषयी असतात, म्हणजे शब्द, चाल आणि कडव्यांची बांधणी यांविषयी. तर काही ध्वनिमुद्रणाविषयी, म्हणजे वाद्यसंयोजन, गाण्याची त्या दिवशीची तऱ्हा, मिक्सिंग (वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवणे) आणि मास्टरिंग (तयार मुद्रणाला शेवटचा हात फिरवणे) यांविषयी. चित्रपटगीतात गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे वेगवेगळी छापलेली असल्याने श्रोता निदान त्यांच्यापुरता दोष योग्य माणसाकडे नेतो. येथे मुखपृष्ठावर एकच नाव असते आणि म्हणून ध्वनिमुद्रण करवून घेणाऱ्या निर्मात्याने घेतलेला निर्णयही कवीच्या खात्यावर जमा होतो.

कायद्याने हे दोन घटक केव्हाच वेगळे केले आहेत. गाण्याच्या शब्दांवरील व चालीवरील हक्क निराळे आणि त्याच्या एका विशिष्ट ध्वनिमुद्रणावरील हक्क निराळा. अमेरिकन गायिका-गीतकार टेलर स्विफ्ट हिने 2021 ते 2023 या काळात आपले चार जुने अल्बम पुन्हा ध्वनिमुद्रित केले, ते याच फरकाच्या आधारावर: मूळ ध्वनिमुद्रणे दुसऱ्यांच्या मालकीची होती, पण तिने लिहिलेली गाणी नव्याने गाऊन मुद्रित करणे तिला शक्य होते. त्यामुळे श्रोत्यांना एक दुर्मीळ संधी मिळाली. त्या अल्बमांतील जुनी गाणी जवळजवळ तशीच राहून ध्वनिमुद्रण तेवढे बदलले, आणि तरीही अनेकांना जुनेच अधिक जवळचे वाटले. हे मत गाण्याविरुद्ध असूच शकत नाही, कारण गाणे दोन्हीकडे तेच आहे.

कॅनडाचे कवी-गायक लेनर्ड कोहेन यांचे उदाहरण मला याहून बोलके वाटते. त्यांचा ‘व्हेरियस पोझिशन्स’ हा 1984 सालचा अल्बम त्यांच्या कंपनीने अमेरिकेत प्रसिद्ध करण्याचेच नाकारले होते. त्याच अल्बमात ‘हॅलेलुया’ हे गाणे होते. 1991 मध्ये जॉन केल या दुसऱ्या गायकाने ते केवळ पियानो आणि आवाज एवढ्यावर गायले, 1994 मध्ये जेफ बकली या तरुण गायकाने इलेक्ट्रिक गिटारवर गायले, आणि त्यानंतर ते जगभर पसरले. केल यांनी कडव्यांची निवडही बदलली होती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे; परंतु चाल आणि गाण्याचा गाभा तोच होता. पहिल्या ध्वनिमुद्रणातील सिंथेसायझर आणि समूहस्वर यांपलीकडे जे अनेकांना ऐकू आले नव्हते, ते रिकाम्या मांडणीत ऐकू आले.

उलट बाजूही आहे. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांनी ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणे 1969 मध्ये गिटारवर, उंच आणि तरुण स्वरात गायले होते. 2000 साली त्यांनी तेच गाणे पूर्ण वाद्यवृंदासह, वयाने खाली उतरलेल्या जड आवाजात पुन्हा गायले. शब्द बदलले नाहीत, पण आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्याचे सांगणारी ती गायिका आता खरोखरच तेवढे जगलेली होती. येथे ध्वनिमुद्रण गाण्याच्या आड आले नाही, त्याने अर्थात भर घातली. ‘साधे तेच खरे आणि वाद्यवृंद म्हणजे केवळ सजावट’ हा श्रोत्यांमधला आवडता समज म्हणूनच मला मान्य नाही.

मग आपले मत कशाविषयी आहे हे ओळखायचे कसे? सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच कलाकाराने एकट्याने, एकाच वाद्यावर केलेले सादरीकरण ऐकणे. जे तेथेही खटकते ते बहुधा गाण्याचे असते: ओढूनताणून जुळवलेले यमक, कोठेच न पोहोचणारा अंतरा, आधीच्या अल्बममधील चालीची सावली. जे तेथे नाहीसे होते ते ध्वनिमुद्रणाचे असते. असे सादरीकरण मिळत नसेल तर गाणे मनाशी गुणगुणून पाहावे. चाल वाद्यांवाचून उभी राहते की नाही, हे तेवढ्यानेही बरेचसे कळते. ‘थकवणारा अल्बम’ हा शेरा मात्र विशेष तपासावा. मास्टरिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजांतील अंतर फार कमी केले की सगळे गाणे सारख्याच मोठ्या आवाजात कानावर आदळत राहते, आणि श्रोत्याला वाटते की कलाकारापाशी सांगण्यासारखे काही उरले नाही. हा शब्दांवरचा अन्याय आहे, कारण मुळात हळुवार असलेली ओळ तेथे हळू ऐकूच येत नाही.

तरीही ही विभागणी प्रत्येक वेळी स्वच्छ होत नाही. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 1982 च्या ‘नेब्रास्का’ या अल्बमची गाणी घरी, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे मुद्रित करणाऱ्या) साध्या यंत्रावर, केवळ नमुना म्हणून मुद्रित केली होती. नंतर त्यांनी बँडसह ती पुन्हा वाजवून पाहिली, पण त्यांतला एकाकीपणा हाती लागेना आणि अखेर ती कॅसेटच अल्बम म्हणून प्रसिद्ध झाली. अशा वेळी खरखर आणि खोलीचा पोकळ नाद ही रचनेचाच भाग ठरतात, आणि ‘गाणी चांगली आहेत, पण मुद्रण कच्चे आहे’ असे म्हणणारा श्रोता अल्बमचा अर्धा आशय बाजूला ठेवत असतो. नव्या अल्बमविषयी तसे म्हणण्यापूर्वी तो कच्चेपणा कलाकाराने निवडला आहे का, हे त्याच्या शब्दांतच शोधावे लागते.