श्वसनमार्गाचे आकुंचन आणि ऑक्सिडीकारक ताण

सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड यांसारखी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे ग्लुटाथायोनसारख्या संरक्षक द्रव्यांना आवरेनाशी झाली, की त्या स्थितीला ऑक्सिडीकारक ताण म्हणतात. अशा ताणाखाली श्वासनलिकेच्या शाखांभोवतीचे अरेखित स्नायू एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या कारणानेही आखडतात आणि लवकर सैल होत नाहीत; दम्यातील धाप व घरघर यांमागे हेही एक कारण असते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहाला होणारा विरोध १६ पट होतो, म्हणून थोडेसे आखडणेही रुग्णाला भारी पडते.

स्नायुपेशीत कॅल्शियम वाढले, की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यातून एक कायनेज एंझाइम कार्यान्वित होऊन मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसवते आणि आकुंचन घडते. हा फॉस्फेट काढणारे फॉस्फटेज स्नायूला सैल करते. ऑक्सिडीकारकांमुळे कॅल्शियमच्या साठ्याची दारे असलेले रायनोडीन ग्राही गळू लागतात आणि कॅल्शियम परत आत ओढणारा पंप मंदावतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ऑक्सिडीकारकांमुळे चेतणारे रो-कायनेज हे एंझाइम फॉस्फटेजलाच रोखते, त्यामुळे कॅल्शियम उतरल्यावरही पीळ सुटत नाही. केवळ कॅल्शियमवरून आकुंचनाचे वर्णन करणे म्हणूनच अपुरे ठरते. शिवाय पेशीपटलातील मेदाच्या ऑक्सिडीभवनातून तयार होणारी आयसोप्रोस्टेन द्रव्ये स्नायू आखडवतात, तर सुपरऑक्साइड हे नलिका सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला नष्ट करते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा परिणाम मात्र प्राणी, मात्रा आणि अस्तराची अवस्था यांनुसार बदलतो. काही प्रयोगांत त्याने स्नायू सैलही पडले आहेत.

मुंबईत या विषयाला वेगळी निकड आहे. हिवाळ्यात वारे मंदावतात आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व चेंबूर-माहुल पट्ट्यातील तेलशुद्धीकरण कारखान्यांचे उत्सर्जन जमिनीलगत कोंडून राहते. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांनी शहरातील प्रदूषण व श्वसनविकार यांचा संबंध काही दशकांपूर्वीच अभ्यासला होता. सूक्ष्म कणांवरील लोह, तांबे व क्विनोन संयुगे फुप्फुसाच्या अस्तरद्रवात स्वतःच ऑक्सिडीकारक निर्माण करतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम २.५ (२.५ मायक्रोमीटरपर्यंत व्यासाच्या) कणांसाठी २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे; ती कणांचे वजन मोजते, त्यांची ऑक्सिडीकारक क्षमता नव्हे, आणि दम्याच्या रुग्णांच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे.

जीवनसत्त्व क किंवा ई यांच्या गोळ्यांनी दमा आटोक्यात येतो, असे चाचण्यांत खात्रीने दिसलेले नाही. श्वासावाटे घेतलेली स्टेरॉइडे दाह कमी करून ऑक्सिडीकारकांचा उगमच घटवतात. परंतु धूम्रपान करणाऱ्या रुग्णांत ऑक्सिडीकारकांमुळे स्टेरॉइडांना दाह शमवण्यासाठी लागणारे हिस्टोन डीॲसिटिलेज-२ हे एंझाइम दुबळे पडते आणि याच औषधांचा गुण कमी येतो.