उजळ पेशी म्हणजे अधिक कॅल्शियम नव्हे

कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगद्रव्याने चमकणाऱ्या जिवंत पेशींची हिरवी चित्रे पाहिली, की ‘जितकी चमक जास्त, तितके कॅल्शियम जास्त’ असे सहज वाटते. हा समज अर्धवट आहे. पावसाच्या सरींत मरीन ड्राइव्हचे दिवे फिके दिसले, म्हणून दिवे घटले असे कोणी म्हणत नाही.

फ्लुओ-४ सारखे रंगद्रव्य कॅल्शियमशी जोडले गेले की त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश शोषून परत फेकलेली चमक, वाढते, हे खरे. परंतु पेशीत रंगद्रव्य किती शिरले, पेशी त्या जागी किती जाड आहे आणि सततच्या प्रकाशाने किती रेणू निकामी झाले, यांवरही चमक अवलंबून असते. त्यामुळे दोन शेजारच्या पेशींची नुसती चमक ताडून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. एकाच पेशीतील क्षणोक्षणीचा चढउतार मात्र त्यातून उत्तम टिपता येतो.

हीच अडचण ओळखून रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये फुरा-२ हे रंगद्रव्य मांडले. त्याला ३४० व ३८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने आळीपाळीने उद्दीपित करून सुमारे ५१० नॅनोमीटरजवळचे उत्सर्जन मोजतात: कॅल्शियम वाढले की ३४० वर मिळालेला आकडा वाढतो, ३८० वरचा घटतो आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले की रंगद्रव्याचे प्रमाण व पेशीची जाडी यांचा परिणाम बऱ्याच अंशी निघून जातो. पार्श्वभूमीचा उजेड मात्र भागाकाराआधीच वजा करावा लागतो. घाईत नेमके तेच राहून जाते. शिवाय रंगद्रव्य स्वतःच कॅल्शियम धरून ठेवत असल्याने त्याची मात्रा वाढवली, तर कॅल्शियमचा जो चढउतार मोजायचा तोच मंदावतो.